पोच दिल्याशिवाय

३ मार्च

प्रिय धाकटे,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि राहिलेलं निम्मं तू स्वतःच्या मनानं भरून घेतेस, म्हणून पुन्हा कागद काढला. माझी तब्येत उत्तम आहे. गुडघा कुरकुरतो, पण माझ्याइतका नाही.

आज तुझ्यापाशी जरा मन मोकळं करायचं आहे. आमच्या शनिवारच्या मंडळात पेच उभा राहिलाय. तू त्या मंडळाला 'तुमचा गप्पांचा अड्डा' म्हणतेस, तेव्हा आधी ते काय आहे ते पुन्हा एकदा ऐक. बावीस वर्षं झाली, दर शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही आठ जण चौकटवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत जमतो. भिंतीवर रिकाम्या चौकटी टांगलेल्या, कोपऱ्यात काचेचे तक्ते, सगळीकडे सरसाचा वास. तिथे आम्ही एकाच विषयावर बोलतो. राज्य कुणी करावं, कुणावर करावं, आणि ज्याच्यावर करायचं त्याला विचारावं की नाही. कॉलेजात चौतीस वर्षं मी हेच शिकवलं, पण तिथली मुलं परीक्षेपुरती ऐकायची. इथे स्वतः चौकटवाला आहे, दातांचे डॉक्टर आहेत, ग्रंथपाल बाई आहेत, आणि सगळे मन लावून वाचून येतात.

मंडळाचा नियम एकच, तोही मीच घातलेला. समोरच्याचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी ते आपल्या शब्दांत त्यालाच सांगून दाखवायचं. तो 'पोचलं' म्हणाला की मग आपण बोलायचं. त्यानं पोच दिली नाही तर पुन्हा प्रयत्न करायचा, नाहीतर गप्प बसायचं. या नियमामुळे बावीस वर्षांत आमच्याकडे कुणाचा आवाज चढलेला नाही.

आता पेच. जानेवारीत एक बाई चौकटवाल्याकडे आपल्या ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना चौकटीत बसवून घ्यायला आल्या. आतलं बोलणं ऐकून दारात थबकल्या, मग स्टूल ओढून बसल्या, आणि तेव्हापासून दर शनिवारी येतात. असतील पंचेचाळीसच्या. मी मनातल्या मनात त्यांना गाडीबाई म्हणतो. आमच्या विषयावरचं एक पुस्तक वाचलेलं नाही, आणि तसं सांगायला तिळमात्र संकोच नाही. एखादं वाक्य पटलं नाही की टेबलाखाली त्यांचा उजवा पाय दाबला जातो. शिकवण्याच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही ब्रेक असतो म्हणे, त्याची सवय.

गेल्या शनिवारी मी 'सर्वांना समान मत' या विषयावर तासभर बोललो. झाल्यावर बाई म्हणाल्या, मत द्यायलाही परीक्षा हवी, गाडी चालवायला असते तशी. मी नियमाप्रमाणे त्यांचं म्हणणं मांडून दाखवलं, की ज्ञानाधिष्ठित पात्रतेखेरीज राजकीय सहभाग अनिष्ट आहे, तद्वतच अज्ञ बहुसंख्येचा कौल घातक आहे. बाई म्हणाल्या, "नाही पोचलं." मी पुन्हा मांडलं. "नाही पोचलं." तिसऱ्यांदाही तेच. मग सहा वाजले आणि सगळे उठले. माझं उत्तर अगदी घशाशी आलेलं, आणि माझ्याच नियमानं माझं तोंड बंद.

घरी येऊन मी एक ठराव लिहिला. यापुढे मंडळात बसायचं असेल त्यानं एका मूळ ग्रंथावर दहा पानांचा निबंध द्यावा, त्यावरून प्रवेश ठरेल, आणि नव्यानं येऊ लागलेल्यांनाही हे लागू राहील. काल डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन तो दाखवला आणि सांगून टाकलं, हा मंजूर झाला नाही तर मी मंडळ सोडतो. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी मतदान आहे. बोलून टाकलं ते बरंच केलं ना?

तुझा,
दादा


११ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा बाल्कनीत, आणि एकदा ओट्यापाशी कुकर होईपर्यंत.

शेवटी 'बरंच केलं ना' असं विचारलंयस, म्हणजे बरं केलं नाहीस हे तुलाही ठाऊक आहे. वहिनी गेल्यापासून तू इस्त्रीचा शर्ट फक्त शनिवारी घालतोस, हे तूच मला सांगितलंस. मंडळ सोडलंस तर शनिवारी चार वाजता काय करणार आहेस? गुडघ्याशी चर्चा? तो तर तुला कधीच पोच देणार नाही.

ठरावाबद्दल दोन शंका. ते निबंध तपासणार कोण, हे ठरावात लिहिलंयस का? आणि मतदानाच्या दिवशी गाडीबाईंना मत आहे का? माणूस सर्वांना समान मत या विषयावर तासभर बोलतो आणि घरी जाऊन दाराला परीक्षेची कडी लावतो, यात मला काहीतरी गंमत दिसते. पण मी काही बोलत नाही. एकतीस वर्षं विधानसभेच्या सभागृहात बसून मी दुसऱ्यांची भाषणं लघुलिपीत उतरवून घेतली. मला मतं नाहीत, कान होते, आणि आता तेही यंत्रावर चालतात.

एक मात्र सांग. त्या बाई नेमकं काय म्हणाल्या? तू कसं मांडलंस ते कळलं. त्या काय म्हणाल्या ते तुझ्या तीन पानांत एका ओळीपुरतंच आलंय.

इथे सगळं ठीक. वरच्या मजल्यावरच्यांनी पियानो घेतलाय. यंत्र काढून ठेवलं की तो फार सुरेल वाजतो.

धाकटी


२२ मार्च

प्रिय धाकटे,

तुझी गंमत पोचली, पण युक्तिवाद म्हणून ती लंगडी आहे. राज्य आणि मंडळ यांत फरक आहे. राज्यात माणूस जन्मतो, त्याला तिथून उठून जाता येत नाही, म्हणून त्याला मत हवंच. मंडळात माणूस आपल्या पायानं येतो. जिथे येण्याची सक्ती नाही तिथे प्रवेशाला अट घातली तर कुणावर अन्याय होत नाही. हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. चौकटवाल्यानं मात्र फूटपट्टी खाली ठेवली आणि विचारलं, "सर, मी शाळा मधेच सोडलेली. बावीस वर्षांपूर्वी तुम्ही मला निबंध मागितला असतात तर आज ही खोली कुणाची असती?" मी म्हटलं, तुमची गोष्ट वेगळी. तो म्हणाला, "वेगळी कशी ते सांगा." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

निबंध तपासायचं म्हणशील तर ते ओघानं माझ्याकडेच येणार. दुसरं कोण आहे? चौतीस वर्षं लाल पेन हातात होतं, जड नाही जाणार.

आता गाडीबाई. गेल्या दोन्ही शनिवारी मी पुन्हा प्रयत्न केला. तू शब्द मागितलेस म्हणून त्यांच्याच शब्दांत देतो. त्या म्हणाल्या, "राज्यसंस्थेच्या निर्णयप्रक्रियेत अपात्र व्यक्तींना स्थान देणं हे सार्वजनिक सुरक्षिततेला बाधक आहे." मी ते तितक्याच नेमकेपणानं त्यांना परत सांगितलं, तर मान हलवून "नाही पोचलं." बरं, चिडतही नाहीत. हसऱ्या चेहऱ्यानं सांगतात. त्या दिवशी तर वर म्हणाल्या, "सर, घाई नको, माझी सगळी मुलं पहिल्यांदा गिअर चुकीचाच टाकतात." सगळे हसले. ग्रंथपाल बाई तर डोळे पुसत होत्या.

मी हसलो नाही. खरं सांगू का, मला ते लागलं. त्या खोलीत बावीस वर्षं मी बोलायला लागलो की माणसं पुढे सरकून बसायची. आता सगळे आधी त्यांच्या पायाकडे बघतात, ब्रेक लागला की नाही ते. ठराव मागे घेणार नाही.

दादा


३० मार्च

प्रिय दादा,

रागावू नकोस. आज मी तुझं पत्र पेन्सिल घेऊन वाचलं, जुन्या सवयीनं.

'राज्यसंस्थेच्या निर्णयप्रक्रियेत अपात्र व्यक्तींना स्थान' असं तुझ्या गाडीबाई म्हणाल्या नसणार. त्या शिकलेल्या नाहीत म्हणून असं म्हणत नाही. सभागृहात डॉक्टर, वकील, इंजिनिअर सगळ्यांची भाषणं मी घेतली आहेत. समोर कागद नसताना असं एका दमात कुणीही बोलत नाही. असं तू लिहितोस. 'बाधक' हा तुझा लाडका शब्द आहे, माझ्या लग्नाच्या वेळी तू मला लिहिलेल्या पत्रातही तो दोनदा होता. तू त्यांच्या तोंडी तुझं वाक्य घातलंस आणि तुझंच वाक्य त्यांना परत केलंस. त्या पोच कसली देणार, त्यांचं काही आलंच नव्हतं.

यात तुझा कमीपणा नाही. नव्यानं लागले तेव्हा मीही हेच करायची. आम्ही सभागृहाच्या मधोमध एका टेबलापाशी बसायचो, दर दहा मिनिटांनी पाळी बदलायची. पहिल्याच महिन्यात एक सदस्य माझा कागद घेऊन आमच्या खोलीत आले. म्हणाले, "बाई, भाषण फार छान झालंय, पण हे माझं नाही." मी त्यांच्या तुटक वाक्यांना नीटनेटकं करून ठेवलं होतं, आणि नीटनेटकं करता करता त्यांचा मुद्दाच उलटा झाला होता. आमच्या मुख्य बाईंनी मला एकच शिकवलं. बोलणारा पुढे काय म्हणणार हे तुला कळलंय असं वाटलं, की समज, तू ऐकायचं थांबवलंयस.

म्हणून तुला एक काम सांगते. पुढच्या शनिवारी वही घेऊन जा. बाईंना विचार, पुन्हा सांगाल का. आणि जसं येईल तसं लिही. 'म्हणजे', 'ते नाही का', खोकला, सगळं. सुधारू नकोस. मग तेच वाच.

आणि तू त्यांच्या पायाबद्दल लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. दादा, मला तुझी काळजी वाटते. माणसं दुसऱ्याकडे बघायला लागली म्हणून कुणी आपलं घर सोडतं का? ती खोली तुझं घर आहे. रुसून बाहेर पडलास तर त्यांना आठ दिवस चुटपुट लागेल, आणि तुला जन्मभर.

मतदान झालं की लगेच कळव.

धाकटी


१४ एप्रिल

प्रिय धाकटे,

उशीर झाला. शनिवारी झालेलं तुला लिहायला मला मंगळवार उजाडला, त्यावरून काय ते समज.

तुझं काम मी मतदानाच्या आधीच्या शनिवारी केलं. वही काढली तशी डॉक्टरांना वाटलं मी भांडणाचा पुरावा गोळा करतोय. बाईंना म्हटलं, पुन्हा सांगा, मी उतरवून घेतो. त्या बोलल्या ते असं. काना-मात्राही बदललेला नाही.

"हे बघा, माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे पहिल्या वेळी नापास होतात. म्हणजे होतातच. पण नापास झाला म्हणून कुणी घरी बसत नाही ना. परत येतो. मग मला त्याला परत शिकवावं लागतं. परीक्षा आहे म्हणून मला शिकवावं लागतं, नाहीतर मी कशाला शिकवीन, खुर्चीवर बसून सही केली असती. आता मताचं... मताला परीक्षाच नाही. त्यामुळे मत देणाऱ्याला काही शिकवायचं कुणाच्या अंगावरच नाही. सगळे म्हणतात, लोकांना कळत नाही. कळत नाही तर शिकवा की. परीक्षा ठेवा, आणि नापास झाला की शिकवणाऱ्याला धरा."

धाकटे, मी लिहीत होतो आणि माझे कान गरम होत होते. त्या अडाण्यांना बाहेर ठेवायचं म्हणत नव्हत्याच. त्या शिकवणाऱ्याला धरा म्हणत होत्या. म्हणजे मला. चौतीस वर्षांत माझा एखादा विद्यार्थी नापास झाला की मी त्याची इयत्ता काढली, माझी कधी काढली नाही. मी ते त्यांना सांगून दाखवलं, साध्या शब्दांत, फार तर चार वाक्यांत. त्यांनी लगेच मान डोलावली. "आता पोचलं."

मग माझी पाळी आली, आणि मीही काही हातचं राखलं नाही. मी म्हटलं, गाडीच्या परीक्षेत नापास झालेला माणूस पायी जाऊ शकतो. राज्यात पायी जायची सोय नाही. तो पुन्हा पास होईपर्यंतचे कायदे त्याच्यावर चालणारच, आणि तेवढा काळ ते त्याला न विचारता केलेले असणार. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. पाय हलला नाही. मग म्हणाल्या, हे मला सुचलं नव्हतं, आठवडा द्या. असं उत्तर त्या खोलीत मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. मी खुशीत घरी आलो, आणि ठराव तसाच खिशात ठेवला.

परवाच्या शनिवारी मतदान. ठरावाच्या विरुद्ध बोलायला बाई उभ्या राहिल्या, म्हणजे नियमाप्रमाणे आधी माझं म्हणणं त्यांनी मांडायचं. त्या म्हणाल्या, "सरांचं म्हणणं असं की नवा माणूस आला की सगळ्यांना पहिल्या धड्यावर यावं लागतं. बावीस वर्षं चालून जिथे आलो तिथून पुन्हा फाटकापाशी. त्यात या लोकांचा वेळ जातो, आणि यांच्याकडे वेळ थोडा आहे." धाकटे, माझ्या ठरावातसुद्धा ते इतकं चांगलं लिहिलेलं नव्हतं. मी पोच द्यायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, अजून थोडं आहे, सर बोलले नाहीत पण मला पोचलंय, सांगू का. मी हो म्हटलं. काय म्हणणार?

"सरांना मला नापास करायचं नाहीये. सरांना पेपर तपासायला हवेत. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे कुणी काही तपासायला आणलेलं नाही."

खोलीत कुणी कुणाकडे बघेना. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मला 'नाही पोचलं' म्हणता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. पोच खरी द्यायची की खोटी, हे तपासणारं तिथे कुणी नव्हतं, बावीस वर्षांत कधीच नव्हतं. तो नियम नुसत्या भरवशावर चालत आला, आणि तो घालणारा मी. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून आधी पाणी प्यायलो. मग म्हटलं, "पोचलं."

मग बाई ठरावाविरुद्ध बोलल्या, फार नाही, एकच मिनिट. तुमच्या परीक्षेत नापास झालेल्याला शिकवणार कोण, एवढंच विचारलं. हात वर करायची वेळ आली. नवे-जुने सगळ्यांना मत, हे चौकटवाल्यानं परस्पर जाहीर केलं. ठरावाच्या बाजूनं एकच हात वर गेला, बिचाऱ्या डॉक्टरांचा. माझ्यावरच्या निष्ठेपायी त्यांनी तो उंच धरला, आणि शेजारी बघतात तर माझा हात मांडीवर.

सोडून जाण्याबद्दल मी बोललो होतो, त्याचं काय, असं मीच विचारलं. चौकटवाला म्हणाला, "तुम्ही बोललात खरं, पण त्याला आमच्यापैकी कुणी पोच दिली नव्हती. त्यामुळे ते पुढे गेलंच नाही." आणि त्यानं चहा ओतला.

पुढच्या शनिवारी बाई मला उत्तर देणार आहेत, त्या पायी जाण्याच्या मुद्द्यावर. आठवडाभर मी त्याचाच विचार करतोय. मी सुखात आहे. हे सगळं तुझ्या त्या वहीमुळे झालं, आणि हे कबूल करायला मला आज अजिबात जड जात नाही.

तुझा दादा


२६ एप्रिल

प्रिय दादा,

पत्र वाचून मी जाऊन गॅलरीतल्या कुंड्यांना दुसऱ्यांदा पाणी घातलं. आनंद झाला की मला काहीतरी करावं लागतं. 'पोचलं' म्हणालास ते वाचलं आणि मला तुझा अभिमान वाटला.

आता मला एक सांगायचंय. आधीच्या पत्रात मी लिहिलं की मला मतं नाहीत. ते खरं नाही. माझं मत तू कधी विचारलं नाहीस, एवढंच खरं. चाळीस वर्षं तू मला तुझ्या कॉलेजाबद्दल, पुस्तकांबद्दल, मग मंडळाबद्दल लिहीत आलास, आणि मी छान, वा, पुढे काय झालं, असं लिहीत आले. तक्रार म्हणून लिहीत नाही. मला ती पत्रं आवडायची. पण परवा त्या बाईंचं वाचलं आणि वाटलं, त्या नुसतं स्टूल ओढून बसल्या. आपणही ओढावं.

तर माझं म्हणणं असं.

सभागृहात मागच्या बाकावर एक सदस्य होते. शिक्षण जेमतेम. त्यांच्या भागात एक पूल मंजूर झाला होता आणि बांधला गेला नव्हता. समोरच्या बाकांवरचं कुणीही कुठल्याही विषयावर बोलत असलं, तरी हे मधेच उठून ओरडायचे, "पूल कुठाय?" एकदा तर दळणवळणाच्या धोरणावर एक मंत्री फार विद्वान भाषण करत होते. मी ते शब्दन् शब्द घेतलं. त्यात हे उठले. आता आमच्याकडे नियम होता. बोलायची परवानगी नसताना कुणी बोललं तर ते उतरवायचं नाही, कंसात 'व्यत्यय' एवढंच लिहायचं. मी लिहिलं. अकरा वर्षं माझ्या या हातानं मी त्या माणसाला 'व्यत्यय' लिहिलं. सगळे जुने खंड काढून वाचलेस तर त्या पुलाचा उल्लेख तुला सापडणार नाही. आणि त्या दिवशी त्या सभागृहात विचारण्यासारखं तेवढं एकच वाक्य होतं.

तू म्हणतोस सगळी माणसं समान, म्हणून मत समान. मला ते पटत नाही. मी फार शहाणी माणसं पाहिली आणि फार मूर्ख माणसं पाहिली, रोज, दहा दहा मिनिटं. ती समान नव्हती. पण कुणाचं बोलणं लिहायचं आणि कुणाचं कंसात टाकायचं हे कुणीतरी ठरवतंच, आणि ते ठरवणारे वाईट नसतात. मी वाईट नव्हते. नियमानं वागत होते. मत ही एकच गोष्ट अशी आहे की माझ्यासारखीला ती कंसात टाकता येत नाही. म्हणून ती सगळ्यांना असावी.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांग तुला काय वाटतं. पण नियमानं सांग.

धाकटी


५ मे

प्रिय धाकटे,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी उत्तर लिहिलं होतं. त्याचं पहिलं वाक्य होतं, 'म्हणजे अखेर तू माझ्याच बाजूची निघालीस.' दोन पानं भरली. मग वही आठवली, तुझं पत्र पुन्हा वाचलं, आणि ती दोन्ही पानं फाडली. तू माझ्या बाजूची नाहीस. आपण एकाच ठिकाणी उभे दिसतो खरे, पण तू तिथे दुसऱ्या रस्त्यानं आलीस, आणि त्या रस्त्यावर मी कधी पाऊल टाकलेलं नाही.

तुझं म्हणणं मला कळलं ते असं. माणसं समान आहेत म्हणून मत समान द्यावं, असं तू म्हणत नाहीस. माणसांचं म्हणणं गाळणारा हात कायम कुठेतरी असतो, तो हात बहुधा सभ्य असतो, नियमानं चालतो, आणि म्हणूनच आपण काही गाळतोय हे त्याला कळत नाही. त्या हाताला गाळता येणार नाही असं एक तरी म्हणणं प्रत्येकाकडे असावं, आणि मत म्हणजे ते. वाचलेला, न वाचलेला, दोघांनाही ते लागतं, कारण गाळणारा बहुतेकदा वाचलेलाच असतो.

आणखी थोडं आहे. ते तू लिहिलेलं नाहीस, पण मला दिसतंय, म्हणून सांगतो. मी जन्मभर मोठमोठ्या ग्रंथांतून राज्य शोधत राहिलो, आणि एकतीस वर्षं राज्य चालतं त्या खोलीच्या मधोमध माझी बहीण बसलेली होती. तिथे काय दिसतं हे मी तुला एकदाही विचारलं नाही. तू 'छान, पुढे काय झालं' असं लिहायचीस, आणि मी लगेच पुढचं सांगायला लागायचो. त्या पुलाच्या माणसाला तू अकरा वर्षं कंसात टाकलंस. मी तुला चाळीस. याची मला लाज वाटते, आणि ती इथे लिहून ठेवतो.

मला याला उत्तर द्यायचं आहे. तुझ्या म्हणण्यात एक जागा कच्ची आहे असं मला वाटतं, आणि आठवडाभर मी त्याच तंद्रीत फिरतोय. पण तू पोच दिल्याशिवाय मी एक शब्दही लिहिणार नाही.

दादा


१२ मे

दादा,

पोचलं. न लिहिलेलंही पोचलं.

आता तुझं उत्तर येऊ दे. चांगली तयारी करून लिही, मला ते खोडायचं आहे.

धाकटी